हेमवल्लरी पाण्यात आहे

गेल्या वर्षी शाळेच्या कथाकथन स्पर्धेत दैवशाला स्टेजवर चढली, चार वाक्यं धडाधड बोलली आणि पाचव्या वाक्याच्या दारात जी उभी राहिली ती उभीच. वाक्य काही दार उघडेना. समोर साडेतीनशे पोरं, वर घरघरणारा पंखा, हातात घामानं निसटणारा माईक. शेवटी घंटी वाजली आणि ती खाली उतरली. त्या दिवसापासून वर्गात तिचं नाव पडलं 'बफरिंग'. नाव ठेवणारा तौफिक, पुढच्याच बाकावरचा. रोज सकाळी मान मागं वळवून तो विचारायचा, "काय बफरिंग, आलं का नेट?"

पण ती झाली गेल्या वर्षीची दैवशाला. यंदाची दहावीतली, आणि हिचं सगळं निराळंच. उन्हाळ्याच्या सुट्टीत ही ग्रामसभेत उभी राहिली आणि "शाळेच्या रस्त्यावरचा दिवा कधी लागणार?" असं सरळ विचारून बसली. तिसऱ्या दिवशी दिवा लागला. आपण बोललो आणि दिवा लागला म्हटल्यावर माणसाला जरा वाटतंच! तेव्हापासून तिचा हात सगळ्यांच्या आधी वर. पाढे विचारा, कविता विचारा, फळा कोण पुसणार विचारा, हात वर.

त्यामुळं अंगद सरांनी जेव्हा जाहीर केलं, की यंदाच्या स्पर्धेत जुन्या काळच्या कादंबरीतलं एक प्रकरण सांगायचं, तेव्हा सरांचं वाक्य संपायच्या आत तिचा हात वर गेला होता.

"एकच प्रकरण," सर म्हणाले. "दहा मिनिटं. पुस्तक हातात घ्यायचं नाही. आणि दैवशाला, हात खाली घे, कळलं मला."

हात खाली आला. कानात मात्र तो गेल्या वर्षीचा पंखा घरघरायला लागला. यंदाही तसंच झालं, तर 'बफरिंग' हे नाव थेट बोर्डाच्या हॉल तिकिटावरच छापून येईल, याची तिला खात्री होती.

सरांनी वाचनालयाचं कपाट उघडलं. वर्षातून एकदा उघडणारं कपाट ते. कुलपाला आधी गोडेतेल पाजावं लागलं. पोरांनी पटापट बारकी बारकी पुस्तकं उचलली. दैवशाला वाटूर फाट्यावरून मैत्रिणीसाठी वडापाव आणायला गेली होती, ती परत येईपर्यंत कपाटात एकच पुस्तक उरलं होतं. जाडजूड, पुठ्ठा नाही, पहिली आठ पानं गायब. म्हणजे पुस्तकाचं नाव कळायची सोय नाही आणि लिहिणाऱ्याचंही नाही.

"सव्वाशे वर्षांपूर्वीचं असेल," सर पानं हुंगत म्हणाले. "जपून. पान उलटताना श्वास धरायचा."

तिनं घरी जाऊन उघडलं. नायिकेचं नाव हेमवल्लरी. वाक्यं अशी लांब, की परतूर स्टेशनातून मालगाडी चाललीय. डबे मोजता मोजता इंजिन कुठलं होतं ते विसरायचं. शब्दाशब्दाच्या डोक्यावर टिंबं. दोन पानांत तिला दोनदा झोप लागली. मग तिच्या लक्षात आलं, की मनात वाचलं तर झोप येते आणि मोठ्यानं वाचलं तर येत नाही. आणि मोठ्यानं वाचायला ऐकणारं कुणीतरी पाहिजे.

ऐकणाऱ्या तिला रविवारी आयत्याच मिळाल्या.

दैवशालाच्या वडिलांचं, भुजंगरावांचं, रेशमाचं शेड आहे. महिनाभर अळ्यांना तुतीचा पाला घालायचा, मग त्या जाळीदार चंद्रिकांवर चढतात आणि स्वतःभोवती कोष विणून बसतात. पाच-सहा दिवसांनी ते पांढरे कोष एकेक करून हातानं काढायचे. हे काम बसून करायचं आणि बायकांचंच. त्या रविवारी चंद्रिकांसमोर मांडी घालून बसल्या होत्या दैवशालाची आई नंदाबाई, शेजारच्या मेहरुन्निसाचाची आणि मधोमध, अर्थातच, द्वारकाकाकू.

द्वारकाकाकूंबद्दल थोडं सांगितलं पाहिजे. श्रावणात देवळात पोथी लागते तेव्हा वाचणारे महाराज कुणीही असोत, हुंकार द्यायचा मान द्वारकाकाकूंचा. हुंकार म्हणजे ओवी संपली की "हूं" म्हणायचं, अर्थ सांगून झाला की "हां, मंग?" म्हणायचं. सोपं वाटतं, पण नाही. एका वर्षी काकू तापानं पडल्या होत्या, तर महाराज एकाच अध्यायात तीन वेळा अडखळले. काकू स्वतः शाळेत गेल्या नाहीत, पण पोथी कुठं उघडावी, कुठं मोडावी, म्हणजे वाचन कुठं थांबवावं, याचा कायदा गावात त्यांना विचारून चालतो.

"आबा, मी वाचून दाखवू का यांना?" दैवशालानं विचारलं.

"वाच की," भुजंगराव म्हणाले. "फक्त हात थांबायला नकोत. उद्या सकाळी माल जालन्याच्या बाजारात पाह्यजे. एक चंद्रिका राह्यली तरी मी कुणालाच सोडणार न्हाई."

दैवशालानं अकरावं प्रकरण उघडलं. का, तर ते मधोमध होतं आणि पान तिथंच उघडत होतं. हेमवल्लरीचा लबाड काका तिच्या जहागिरीवर टपलेला. ती पहाटे घर सोडून निघते, गोदावरीच्या घाटावर येते, होडीत बसते. नावाड्याला काकानं आधीच फितवलेलं. नदीला पूर.

"'वाचकहो!'" दैवशाला वाचत होती, "'त्या समयीं त्या निराधार बालिकेची कोण दशा झाली असेल, हें लिहितांना आमची लेखणी थरथर कांपते!'"

"कापती तर ठिव ना खाली," द्वारकाकाकू म्हणाल्या, "अन् पोरीला बाहेर काढ आधी. लिहीत काय बसलाय!"

"काकू, तो लेखक आहे."

"मंग काय झालं? हातपाय न्हाईत का त्याला?"

मेहरुन्निसाचाची हसून हसून कोषावरची जाळी ओढायची विसरली. "अगं आगे पढ, आगे पढ! हेमाचं काय झालं?" हेमवल्लरीची हेमा करायला चाचीला दीड पान पुरलं होतं.

दैवशाला पुढं वाचत गेली. नावाडी सुरा काढतो. होडीचा दोर कापतो. स्वतः काठावर उडी मारतो. होडी भोवऱ्याकडं निघते. "'...तों एक प्रचंड लाट आली आणि होडीसह ती बालिका दिसेनाशी झाली.' प्रकरण अकरावें समाप्त." तिनं पुस्तक मिटलं. "कसं वाटलं? हेच सांगावं म्हणते शनिवारी स्पर्धेत. आता पाणी पिऊन येते."

शेडमध्ये कुणीच हललं नाही.

"खाली बस," द्वारकाकाकू म्हणाल्या.

"काकू, प्रकरण संपलं."

"पोरगी पाण्यात हाये अन् तू पाणी प्यायला चालली?" काकूंनी हातातला कोष टोपलीत टाकला. "माझं माहेर गोदाकाठचं. फुगलेली गोदावरी मी पाह्यलीय. लेकरू पाण्यात सोडून पोथी मोडत नसतात. अपशकुन होतो. उद्या अळ्यांची पुढची बॅच रोगट निघाली की मंग म्हणशील काकूनं सांगितलं न्हाई."

"ही पोथी नाही, कादंबरी आहे!"

"आमच्यासमोर मोठ्यानं वाचली का न्हाई? मंग झाली पोथी. तिला काठाला लाव, चार घास खाऊ घाल, मंग मोड."

दैवशालानं आईकडं पाहिलं. आई कोष काढण्यात अशी गुंतली होती, की तिचंही मत काकूंसारखंच आहे हे न सांगता कळलं. दैवशाला बसली. बारावं प्रकरण काढलं. एवढं वाचू, हेमवल्लरीला काठाला लावू, सुटू.

बाराव्यात हेमवल्लरीला कोळ्यांनी जाळ्यातून वर काढलं, शेकोटीपाशी बसवलं. काकूंनी सुस्कारा सोडला. आणि शेवटच्या ओळीत कळलं की ते कोळी नव्हतेच, दरोडेखोर होते.

"आता मोडायची का?" दैवशालानं भीतभीत विचारलं.

"दरोडेखोरांच्यात तरणी पोरगी ठेवून?" तिघी एकदम ओरडल्या.

तेराव्यात ती तिथून निसटली, डोंगरात शिरली, एका गुहेत जाऊन निजली. शेवटची ओळ: अंधारात दोन डोळे चमकले. चौदाव्यात ते डोळे वाघाचे निघाले. वाघाला एका तपस्विनीनं हाकललं. पण तिच्या गळ्यातला ताईत पाहून हेमवल्लरी किंचाळली आणि प्रकरण संपलं.

"काय माणूस हाये!" द्वारकाकाकू लेखकावर खवळल्या. "एकबी जागा सरळ सोडत न्हाई! ह्याला पोथी मोडायचा रिवाजच ठाऊक न्हाई बिलकुल!"

पण खवळता खवळता त्या कान टवकारून बसल्या होत्या, हेही दैवशालानं पाहिलं. आणि आणखी एक पाहिलं. गोष्ट रंगात आली की सगळ्यांचे हात थांबत होते. तेवढ्यात भुजंगराव डोकावले.

"हात!" ते ओरडले. "जालना! बाजार!"

दैवशालानं पुस्तकात बोट घातलं आणि मिटलं. "ऐका," ती म्हणाली, "हात थांबले की गोष्ट थांबणार. मी बघून राह्यले इथून."

काय चमत्कार! चंद्रिकांवरून कोष पावसासारखे टोपल्यांत पडायला लागले. दैवशाला एक डोळा ओळीवर, एक डोळा हातांवर ठेवून वाचत होती. कुठं सावकाश जायचं, कुठं धावायचं, कुठं थांबून चाचीकडं बघायचं, हे तिला आपोआप कळायला लागलं. तिनं थांबावं, काकूंनी "हां, मंग?" म्हणावं, आणि त्या 'मंग'ला धरून तिनं पुढं उडी घ्यावी. मालगाडीएवढी वाक्यं होती, ती आता बैलगाडीसारखी वळायला लागली. अर्ध्या ठिकाणी तर ती पुस्तकात न बघताच बोलत होती.

सोळाव्या प्रकरणात तपस्विनी म्हणजे हेमवल्लरीची हरवलेली आई निघाली. आईनं लेकीला दूधभात कालवला.

"जेवली?" काकूंनी विचारलं.

"जेवली."

"पोटभर?"

"'आकंठ' लिहिलंय."

"मंग मोड आता." काकूंनी पुस्तकाला हात लावून तो कपाळाला लावला आणि इकडंतिकडं पाहिलं. शेवटची चंद्रिका कधीच रिकामी झाली होती. भुजंगराव दारात उभे होते. ते कधीपासून ऐकत होते कोण जाणे, पण "आईच निघली होय!" असं पुटपुटत गेले ते.

सोमवारी दैवशालानं अंगद सरांना गाठलं. "सर, हा माणूस प्रत्येक प्रकरण असं कड्यावर आणून का सोडतो?"

सर खूश झाले. "अगं, या कादंबऱ्या आधी मासिकात यायच्या. महिन्याला एक प्रकरण. पुढचा अंक लोकांनी घ्यावा म्हणून मुलीला पाण्यात सोडायचं आणि महिनाभर लोकांना झुरत ठेवायचं. विलायतेत तसंच, आपल्याकडंही तसंच."

ही बातमी तिनं संध्याकाळी काकूंना सांगितली. काकू शेंगा सोलत होत्या. त्यांचा हात थांबला.

"महिनाभर? लेकरू महिनाभर पाण्यात? अन् लोक जेवत होते, झोपत होते?"

"होय."

"असल्या लोकांमुळंच इंग्रज इतके दिवस टिकला," काकू म्हणाल्या आणि पुन्हा शेंगा सोलायला लागल्या.

आता प्रश्न होता, शनिवारी सांगायचं कोणतं? काकूंचा हट्ट सोळाव्याचा. दूधभात, माय-लेकीची भेट, सगळं शुभ. दैवशालाचं मन अकराव्यावर.

"काकू, खरं सांगा. रविवारी तुम्ही सहा प्रकरणं का बसलात? दूधभात ऐकायला?"

काकूंनी आणखी एक शेंग फोडली.

"ती पाण्यात होती म्हणून बसलात!"

"ते खरं," काकू म्हणाल्या. "पण मी हात जोडून सांगते, लेकरू पाण्यात सोडून तू स्टेजवरून उतरलीस, तर पापाची धनी तू. मी येणार हाये बघायला."

त्या खरंच आल्या. शनिवारी सकाळी हॉलमध्ये पालकांच्या पहिल्या रांगेत नंदाबाई, चाची आणि ठेवणीतलं लुगडं नेसून द्वारकाकाकू. सूत्रसंचालन सुरेखा मॅडमचं. त्यांनी सुरुवातीलाच बजावलं, "प्रेक्षकांनी अगदी शांत राहायचंय. टाचणी पडली तरी ऐकू आली पाहिजे. मध्ये बोलून स्पर्धकाचं लक्ष विचलित करू नका."

दैवशालाचा नंबर नववा. नाव पुकारलं तसं तौफिक कुजबुजला, "ऑल द बेस्ट, बफरिंग. वायफाय घे कुणाचं तरी."

"तुझंच घेते," ती म्हणाली आणि टेचात स्टेजवर चढली.

पहिलं वाक्य छान गेलं. दुसरं गेलं. हेमवल्लरी वाड्याबाहेर पडली. तिसरं गेलं. चौथ्यात ती घाटावर आली, नावाडी हसला, आणि...

आणि पाचव्या वाक्याचं दार बंद.

तोच पंखा. तीच साडेतीनशे डोकी. टाचणी पडली असती तर ऐकू आली असती. नावाडी हसला. मग काय झालं? तिला सगळं माहीत होतं. वाघ माहीत होता, ताईत माहीत होता, दूधभात माहीत होता, फक्त हे पुढचं वाक्य कुठं गेलं होतं कोण जाणे. पुढून कुठूनतरी दबलं हसू आलं.

तिनं काकूंकडं पाहिलं. द्वारकाकाकूंनी पदराचा बोळा तोंडाशी गच्च धरला होता. डोळे असे मोठे झालेले, जणू त्यांनाच भोवऱ्यात ओढलंय. आईनं त्यांचा हात दाबून धरला होता. बोलायचं नाही, मॅडमनं सांगितलंय!

आणि दैवशालाला लख्ख कळलं. रविवारी ती एकटी कुठं सांगत होती? एक पाऊल तिचं होतं, एक काकूंच्या 'हां, मंग?'चं. गेल्या वर्षी ती विसरली नव्हतीच. समोरून कुणी "मंग?" म्हटलं नव्हतं, एवढंच.

तिनं माईक दोन्ही हातांनी धरला.

"सर, एक मिनिट," ती परीक्षकांना म्हणाली. परीक्षक म्हणजे परतूरहून आलेले निवृत्त मुख्याध्यापक रामराव सर. "आमच्याकडं गोष्ट अशी चालत न्हाई. मुक्या माणसांपुढं गोष्ट वाट चुकते. तुम्ही सगळे हूं म्हणा, तरच नावाडी पुढं जाईल. न्हाईतर तो उद्यापर्यंत हसत उभा राहील."

हॉलमध्ये खसखस पिकली. सुरेखा मॅडम अर्ध्या उठल्या. रामराव सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"गुण कापावे लागतील," ते म्हणाले.

"कापा," दैवशाला म्हणाली. "पण हूं म्हणा."

मागच्या रांगेतून कुणीतरी टिंगलीनं ओरडलं, "हूंऽऽऽ!" सगळे हसले. आणि त्या हसण्याच्या वर, पहिल्या रांगेतून, पदर बाजूला करून, देवळात घुमावा तसा खणखणीत आवाज आला:

"हां! मंग?"

"मग," दैवशाला म्हणाली, आणि दार धाडकन उघडलं, "मग नावाड्यानं कमरेचा सुरा काढला."

"हूं."

"हेमवल्लरी म्हणते, 'बाबा, सुरा कशाला?' तो म्हणतो, 'दोरीला गाठ बसलीय, पोरी.'"

"हूं!" हे पन्नास जण होते.

"गाठ कुठं होती? गाठ त्याच्या मनात होती!" हे वाक्य पुस्तकात नव्हतं. हे तिचं होतं. टिंगल करणारे पुढं सरकून बसले होते. तौफिकचं तोंड उघडं होतं आणि त्यातून येत होता तो हुंकारच, चेष्टा नव्हे. दैवशालानं दोर कापला, नावाडी काठावर उडवला, भोवरा स्वतःच्या हातानं गरगर फिरवला. साडेतीनशे पोरं एका सुरात "हूं" म्हणत होती आणि दर हुंकारासरशी ती एकेक हात उंच होत होती. शेवटची लाट आली. तिनं माईक खाली घेतला, अगदी हळू म्हणाली, "होडी दिसेना. पोरगी दिसेना. नुसतं पाणी," आणि मान झुकवली.

घंटी तेव्हाच वाजली.

मग हॉल फुटला. "पुढं? अय, पुढं काय? मेली का?" पोरं उभी राहिली, बाक वाजवायला लागली. "बफरिंग... ए दैवशाला, सांग ना!" हे तौफिक. वर्षभरात पहिल्यांदा त्यानं तिचं नाव घेतलं.

दैवशालानं माईक पुन्हा वर उचलला. "नियम आहे, एकच प्रकरण. पुढचं कपाटातल्या पुस्तकात आहे. न्हाईतर," ती पहिल्या रांगेकडं बोट दाखवून म्हणाली, "द्वारकाकाकूंना माहितीय."

निकाल लागला तेव्हा तिचा तिसरा नंबर आला. हुंकाराचे गुण रामराव सरांनी कापले होतेच, पण जाता जाता ते अंगद सरांना विचारत होते, "ते कपाट उघडंच ठेवता येणार नाही का हो?" अंगद सरांनी कपाटाची किल्ली खिशातून काढली आणि तिथंच खिळ्याला टांगली. दैवशालाला हे सगळं नंतर कळलं. कारण बक्षीस घेऊन ती पळत बाहेर आली, तेव्हा व्हरांड्याच्या पायरीवर वेगळाच कार्यक्रम चालू होता.

पायरीवर द्वारकाकाकू. भोवती पन्नास-साठ पोरं, सगळ्यात पुढं तौफिक.

"तर ती पाण्यात गटांगळ्या खाऊन राह्यली," काकू सांगत होत्या.

"हूं," पोरं म्हणाली.

"वर येती, खाली जाती. अन् तेवढ्यात तिच्या पायाला कायतरी लागलं."

"हूं. काय लागलं?"

काकू थांबल्या. एकेका तोंडाकडं त्यांनी सावकाश पाहिलं. साठ चेहरे, साठ उघडी तोंडं. काकूंच्या चेहऱ्यावर असं काही हसू पसरलं, जे दैवशालानं आजवर कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी पदर सारखा केला आणि गुडघ्यावर हात टेकून उठल्या.

"चला, उशीर झाला. बाकीचं सोमवारी."

"काकू!" दैवशाला ओरडली. "लेकरू पाण्यात आहे! मोडायची न्हाई ना पोथी?"

द्वारकाकाकूंनी मागं वळूनसुद्धा पाहिलं नाही.

"राहू दे जरा," त्या म्हणाल्या. "तेवढंच पोहायला शिकंल."